ग्रामसभेची एक नोटीस शाळेलाही पाठवा

प्रति,
मराठवाड्यातल्या गावोगावचे सरपंच आणि ग्रामसेवक

सरपंच ताई, सरपंच दादा, ग्रामसेवक भाऊसाहेब, नमस्कार.

परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत मी नववी-दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतो. लोकशाही कशी शिकवावी यावर शिक्षक लिहितात तेव्हा पत्र सहसा मंत्रालयाला नाहीतर शिक्षण आयुक्तांना जातं. मी तुम्हाला लिहितोय, कारण मला हवं आहे ते मुंबईत किंवा पुण्यात नाही, तुमच्या कार्यालयातल्या कपाटात आहे. भाऊसाहेब, कागदावर तुमचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय हे मला ठाऊक आहे. गाव तुम्हाला अजून ग्रामसेवकच म्हणतं, म्हणून मीही तेच लिहितो. राग नसावा. आणि सरपंच ताई, हे पत्र तुम्हालाच आहे, तुमच्या मालकांना नाही.

आधी आमच्या पुस्तकांबद्दल सांगतो. मी आजवर शिकवत आलोय त्या पुस्तकांत ग्रामपंचायत सहावीत येते. तेव्हा लेकरू अकरा वर्षांचं असतं. सातवीत संविधानाची ओळख, आठवीत संसद. नववीत पोरगं जरा जाणतं होतं, घरपट्टीची पावती, रेशनचं कार्ड, बापाने काढलेलं पीककर्ज त्याला कळायला लागतं, तर तेव्हा आम्ही त्याला परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे शिकवतो. माझ्या वर्गातला कुठलाही मुलगा सुरक्षा परिषदेचे पाच कायम सदस्य घडाघडा म्हणून दाखवेल. तुमच्या वॉर्डाचा सदस्य कोण, असं विचारलं की वर्ग गप्प. सदस्य त्यांना माहीत असतो, 'बापू' म्हणून माहीत असतो. तो सदस्य आहे आणि त्याच्याकडे काही मागता येतं, हे माहीत नसतं. दहावीत निवडणूक प्रक्रिया आणि राजकीय पक्ष येतात खरे, पण ४० गुणांच्या पेपरात राज्यशास्त्राला १२ गुण. बारा गुणांसाठी मुलं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

शिवाय पाठ केलेलं जागेवर राहतही नाही. सरपंच कोण निवडतं? २०१७ पर्यंत उत्तर होतं, सदस्य. २०१७ ला झालं, थेट गावकरी. २०२० ला पुन्हा सदस्य. २०२२ ला पुन्हा गावकरी. एकाच घरातल्या तीन भावंडांनी तीन उत्तरं लिहिली आणि तिघांचीही त्या त्या वर्षी बरोबर होती.

आमच्या प्रशालेच्या दर्शनी भिंतीवर एक फळा रंगवलेला आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री, पालकमंत्री, जिल्हा परिषद अध्यक्ष, पंचायत समिती सभापती, सरपंच. माणूस बदलला की पेंटर येऊन नाव बदलतो. मार्च २०२२ मध्ये मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली, प्रशासक आले, आणि आम्ही त्या दोन ओळींवर चुना मारला. वाटलं, सहा महिन्यांत नवीन नावं येतील. त्या जूनमध्ये जी मुलं आठवीत आली ती मार्च २०२५ मध्ये दहावी देऊन गेली, तरी चुना तसाच. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीन वर्षं शिकलेल्या त्या मुलांनी जिल्हा परिषदेचा एकही निवडून आलेला सदस्य पाहिला नाही. त्यांच्यातल्याच एकीने मला विचारलं होतं, "सर, पुस्तकात तर लिहिलंय की दर पाच वर्षांनी निवडणूक होते." मी संविधानातलं कलम २४३-ई काढून दाखवलं. पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्यापुढे नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक पुरी झाली पाहिजे. तिने कलम वाचलं, खिडकीतून त्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहिलं आणि वही मिटली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात आहे, प्रभागरचनेचा प्रश्न आहे, हे सगळं मी सांगितलं. ते खरंही होतं. पण त्या दिवशी तिला माझ्या बोलण्यापेक्षा चुन्यातून जास्त कळलं असावं.

आता शाळेत काय करतो ते ऐका. इतर शाळांसारखं आम्हीही शालेय मंत्रिमंडळ निवडतो. मोबाइलवर मतदानयंत्राचं ॲप असतं, बटण दाबलं की 'बीप' वाजतं, मार्करने बोटाला शाई लावतो, फोटो काढतो, फोटो ग्रुपवर टाकतो. मुलांना मजा येते. पुढे वर्षभर त्या मंत्रिमंडळाला काहीही काम नसतं. एकदा पाणीपुरवठा मंत्री झालेला मुलगा माझ्याकडे आला. टाकीचा नळ तुटला होता. म्हणाला, "सर, मी मंत्री हाय म्हणून सगळे मलाच बोलायलेत. पण माझ्याकडं तर पान्हा पण नाई." मत देणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. एक मिनिट लागतं, तेवढंच आम्ही शिकवतो. मत दिल्यानंतरची पाच वर्षं आम्ही शिकवतच नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मी खिशातले सहाशे रुपये नववीच्या वर्गाच्या टेबलावर ठेवले. म्हटलं, हा वर्गाचा निधी, काय करायचं ते तुम्ही ठरवा. वर्गात ३१ मुलं, २२ मुली. चर्चा होऊन दोन मागण्या पुढे आल्या. मुलांना व्हॉलीबॉल हवा होता, साडेपाचशेचा. मुलींना त्यांच्या शौचालयाचं दार दुरुस्त करून हवं होतं. बिजागरी निखळलेली, कडी नाही, आत एकजण गेली की बाहेर दुसरीने दार धरून उभं राहायचं. सुताराने पाचशे सांगितले होते. दोन्ही होण्याइतके पैसे नव्हते. चिठ्ठ्या टाकल्या. बॉल २९, दार २४.

म्हणजे दोन मुलांनी दाराला मत दिलं होतं. ते दोघे कोण हे शोधायला बाकीच्यांनी पुढचे दोन दिवस घातले, आणि मला गुप्त मतदानाचा पाठ वेगळा घ्यावा लागला नाही.

मी निकाल फिरवला नाही. फिरवायचा मोह झाला होता, खरं सांगतो. बॉल आणला. मुलं मैदानावर गेली आणि एक मुलगी बाकावर बसून राहिली. म्हणाली, "सर, दाराचं मतदान काऊन घेतलं? ते तर असायलाच पायजे ना." वीसेक वर्षं मी मूलभूत हक्कांवर टिपा लिहून देत आलोय, पण हे वाक्य माझ्या एकाही टिपेत नव्हतं. दुसऱ्या दिवशीचा तास मी तिच्याच प्रश्नावर घेतला. कोणत्या गोष्टी मताला टाकायच्या आणि कोणत्या टाकायच्याच नाहीत? फळ्यावर दोन रकाने आखले. मुलांनी स्वतः भरले. सहलीला कुठे जायचं, मताला. वर्गात कोणी कुठे बसायचं, यावर भांडण झालं. कुणाला पाणी कोणत्या माठातलं द्यायचं, हे मताला टाकायचं नाही, असं तिघे-चौघे एकदम ओरडले. ते का ओरडले हे तुम्हाला सांगायला नको, आपण सगळे खेड्यातलेच. मग मी म्हटलं, घटनाकारांनी हेच दोन रकाने आखले, आणि १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की दोन तृतीयांश बहुमत असलेल्या संसदेलाही घटनेचा मूळ ढाचा मोडता येणार नाही. त्या वर्गाला तो खटला अजून पाठ आहे. परीक्षेत विचारला जात नाही, तरीही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा का घ्यायची असते, हेही त्यांना ३१ आणि २२ या आकड्यांवरूनच कळलं. मी फक्त कायद्याचं नाव सांगितलं, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८.

इथून पुढे तुमच्या कपाटाचा विषय सुरू होतो.

त्या वर्षी २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मी वर्गाला घेऊन एका गावच्या ग्रामसभेला गेलो. गावाचं नाव सांगत नाही. मुलांना आधी गणित घातलं होतं. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी तो. गावात मतदार १,२४०. पंधरा टक्के काढले तर १८६, म्हणजे शंभर लोक पुरेत. मुलांनी डोकी मोजली. चौतीस. त्यातले नऊ अंगणवाडी, आरोग्य, शाळा असे कर्मचारी, तेही बहुतेक बाहेरगावचे मतदार. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे मुलांना तिथेच कळलं. "मंग पहिलीला कोण कशाला येईल?" असं एकाने विचारलं तेव्हा मंडपातले चार जण हसले.

दोन दिवसांनी रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरलं. आजीजवळ राहणारा माझा एक विद्यार्थी शाळेत येऊन म्हणाला, "सर, रजिस्टरात माझ्या मायची सही हाय. पण माय तर कारखान्यावर हाय."

त्याची आई दिवाळी होताच कोयता घेऊन कारखान्याला गेलेली. तुमच्या गावांतली किती घरं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत कुलूपबंद असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. चार ग्रामसभांपैकी २६ जानेवारीची सभा या लोकांच्या माघारीच होते. १ मेला ती परत आलेली असतात, पण तेव्हा आमचे निकाल लागून शाळा सुटलेली असते. राहतात १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. या दोनच सभांना सगळं गाव गावात असतं आणि सगळी लेकरं शाळेत असतात. सगळ्या चार सभा मी मागतच नाही. या दोन मागतो.

आता माझी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हीच सांगाल. घरभाड्यासाठी आम्हा शिक्षकांना मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव द्यावा लागतो. मी तालुक्याहून रोज मोटारसायकलवर येतो, आणि मी गावात राहतो असा ठराव माझ्या फायलीत लावलेला आहे. तुमच्यातल्याच कुणीतरी तो दिला, मी घेतला, दोघांनी चहा घेतला. ग्रामसभेवर तास घेताना पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "सर, तुमच्या ठरावाला किती लोकं होते?" वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मी खरं ते सांगितलं. त्या दिवसापासून रजिस्टरातल्या मायच्या सहीबद्दल मला मोठ्या आवाजात बोलता येत नाही. हे पत्र म्हणूनच तक्रार म्हणून वाचू नका. एकाच रजिस्टरात आपल्या दोघांच्या सह्या आहेत.

ठराव या शब्दाबद्दल मुलं फार विचारतात. ठराव झाला म्हणजे काम झालं का? मी त्यांना आपल्या विद्यापीठाची गोष्ट सांगतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं. मधल्या काळात दलित वस्त्यांमधली घरं जळाली, माणसं मारली गेली, तरुण तुरुंगात गेले, मोर्चे निघत राहिले. ज्या घरांतून ती माणसं गेली त्या घरांतली नातवंडं माझ्या वर्गात आहेत, आणि ज्या घरांतून दगड आले त्या घरांतलीही. हा तास मी दरवर्षी घाबरत घेतो. एकदाही वाया गेलेला नाही.

दुसरी गोष्ट सप्टेंबरमधली. १७ तारखेला आपण मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करतो, स्वामी रामानंद तीर्थांच्या फोटोला हार घालतो, लेझीम खेळतो. देश स्वतंत्र होऊन तेरा महिने झाले तरी आपण निजामाच्या राज्यात होतो, हे मुलांना माहीत असतं. त्या राज्यात साधी सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी लागे, हे माहीत नसतं. 'गश्ती निशाण ५३' म्हणून फर्मान होतं. अशा राज्यात १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या मराठी माणसांच्या संघटनेचं, पहिलं अधिवेशन भरलं. परतूर आमच्यापासून फार लांब नाही, मुलं लग्नाला जातात तिथे. तिथे परवानगीसाठी झगडून माणसं जमली होती आणि इथे दवंडी देऊनही चौतीस जमतात. याचं कारण मला देता आलं नाही. मुलांनी दिलं: "तिथं गेल्यावर काहीतरी होईल असं त्यांला वाटत असंल."

तर माझं मागणं एवढंच आहे. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी चावडीवर लावाल, तेव्हा एक प्रत शाळेत पाठवा, विषयपत्रिकेसह. नववी-दहावीच्या मुलांना मागे बसू द्या. ती मतदार नाहीत, हात वर करणार नाहीत, हे मी बघून घेतो. सभेच्या आधी एखाद्या दिवशी, तुमच्या सवडीने, मागच्या सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, त्यांना तुमच्यासमोर वाचू द्या. नमुना ८ आणि नमुना ९ या घरपट्टीच्या आकारणीच्या आणि मागणीच्या नोंदवह्या, त्यांत काय असतं ते भाऊसाहेबांनी अर्धा तास समजावून सांगावं. मी पुस्तकातून सांगू शकतो, पण घराची लांबी-रुंदी मोजून पट्टी कशी बसते हे तुमच्याइतकं मला येत नाही. आणि वर्गाने मिळून एकच प्रश्न लेखी दिला तर त्याला सभेत एकच उत्तर द्या. 'बघू' हे उत्तरही चालेल. ते प्रोसिडिंगमध्ये लिहिलं गेलं पाहिजे, एवढंच.

एका सरपंच दादांना मी हे तोंडी बोललो तेव्हा ते म्हणाले, "सर, लेकरांना राजकारणात कशाला ओढता?" माणूस चांगला, काळजीपोटी बोलला. पण दादा, लेकरं त्यात आधीच आहेत. निवडणुकीत मोटारसायकल रॅलीला झेंडे धरून कोण असतं? ढाब्यावर कोणत्या टेबलाचं बिल कोण देतं हे दहावीतल्या पोरांना आपल्यापेक्षा आधी कळतं. निकालाच्या दिवशी गुलालाने माखून शाळेत आलेल्या पोरांची हजेरी मी घेतलेली आहे. त्या दिवशी त्यांचं वय कुणी विचारलं नाही.

आणि तीन वर्षांत ती अठराची होतील. मतदार यादीत नाव घालायला आता वर्षातून चार तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांची पहिली, आणि सतरा पूर्ण झालं की आगाऊ अर्ज करता येतो. म्हणजे तुमच्या पुढच्या निवडणुकीचे मतदार आज माझ्या बाकांवर बसलेले आहेत. तुम्हाला हे हिशेबाने पटत असेल तर हिशेबाने पटू द्या, माझी हरकत नाही.

मुलं सभेत भांडणं पाहतील, अशीही भीती असते. पाहू द्या. पाण्याच्या लाईनीवरून दोन गल्ल्या कशा भांडतात आणि तरी दुपारी एकाच टँकरमागे रांगेत कशा उभ्या राहतात, हे माझ्या कुठल्याही धड्यात नाही. लिंकनची लोकशाहीची व्याख्या त्यांना दोन गुणांसाठी येते. लाईन कुठून टाकायची याचा निर्णय कसा होतो, कुणाच्या म्हणण्याने होतो, आणि त्यावर हरकत कुठे घ्यायची असते, हे त्यांनी तिथे बसूनच शिकायचं आहे.

येत्या २ ऑक्टोबरच्या सभेपासून सुरुवात करू. नोटीस पाठवायला शिपाई मोकळा नसेल तर मुलं येऊन घेऊन जातील, शाळा पाचला सुटते. बसायला सतरंजी आमची आम्ही आणू.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक
जिल्हा परिषद प्रशाला, परभणी जिल्हा

ता. क. त्या दाराचं राहिलं. बॉल आल्यावर मुलींनी गावचा विकास आराखडा मागवून वाचला. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा होता, हे त्यांनी त्यातून शोधलं. शौचालयाचं दार स्वच्छतेत येतं की नाही, असं विचारणारा बावीस सह्यांचा अर्ज त्यांनी ग्रामपंचायतीत दिला. व्हॉलीबॉलवाल्या दोघांनी खाली सही केली, म्हणजे चोवीस. हे ते चिठ्ठीतले दोघेच का, मी विचारलं नाही. उत्तर अजून आलेलं नाही. त्या मुली आता दहावी होऊन गेल्या, पण आवक क्रमांक घातलेली पोच त्यांनी जाताना नववीच्या मुलींकडे दिली आहे.